औषधाला आंबील

जाफराबादच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. जंतूंचा धडा आला की फळ्यावर दरवर्षी तेच लिहिते: पाणी उकळून प्या, शिळं खाऊ नका. माझ्या मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा निघाल्या, तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुढे रक्त जायचं थांबल्यावर ते म्हणाले, "आता थोडं आंबवलेलं घेऊन बघा, ज्वारीचं वगैरे. त्यातले काही जंतू आतड्याला बरे असतात म्हणतात. सोसलं तर घ्या. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

म्हणजे ज्यांच्यापासून पोरांना सावध करत आले, तेच आता वाटीभरून प्यायचे होते.

घरी येऊन मायला विचारलं, "आंबील करशील का?"

माय माझ्याजवळच राहते. तिचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात गेलं, आणि रानात दुपारचं पोट आंबिलीवरच भागायचं. मला नोकरी लागली त्याच आठवड्यात तिनं आंबिलीचं मडकं कुणाला तरी देऊन टाकलं होतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आंबील पिण्यासाठी शिकिवलं का म्या तुला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"मंग डॉक्टरलाच कराय लाव."

मग मीच करायला घेतली. पहिल्या खेपेला वर हिरवट बुरशी आली. दुसऱ्या खेपेला चांगला आंबूस वास सुटला आणि मी सवयीनं पातेलं गॅसवर ठेवून खळखळा उकळलं. वाटी तोंडाला लावल्यावर लक्षात आलं, ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्या सगळ्यांना मी नुकतंच मारलं होतं. तिसऱ्या खेपेला मायला पिठाची नासाडी बघवेना. "सरक तिकडं," म्हणाली.

तिनं आधी घराचं दार लावून घेतलं. कॉलनीत कळायला नको होतं. मग ज्वारीचं पीठ पातळ शिजवलं, कोमट होऊ दिलं, आंबलेल्या पिठाचं थोडं पाणी त्यात घातलं आणि नव्या मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं.

मला ती सोसली. महिन्याभरात तास अर्धवट टाकून पळायची वेळ येईनाशी झाली. मी स्टाफरूममध्ये चांगल्या जंतूंवर बोलायला लागले. ऐकणारे माना डोलवायचे, त्यामुळे मलाही ते जास्तच पटत गेलं, आणि एके दिवशी मी गोळ्या बंद केल्या. मायला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी रक्त परत आलं. मायला घेऊन एसटीनं जालन्याला निघाले. कंडक्टरला विनवून मधल्याच एका फाट्यावर बस थांबवावी लागली. मी झुडपांच्या आडोशाला धावले. भरलेली बस माझ्यासाठी खोळंबली होती आणि माय दारात उभी राहून ड्रायव्हरला सांगत होती, "थांबा जरा. आमच्या मॅडम येऊन राह्यल्या."

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

माय माझ्याकडे वळली. "बंद केल्त्या तू?"

"आंबिलीनं बरं वाटत होतं."

"साहेब," माय डॉक्टरांना म्हणाली, "जनमभर आंबील पेली म्या. पर दुखणं आलं की दवाखान्यातच जात व्हते. आंबील भुकेसाठी असती."

चार वर्ग शिकलेल्या बाईनं मला डॉक्टरसमोर विज्ञान शिकवलं. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

गोळ्या वाढल्या. पोट शांत होईपर्यंत आंबील बंद. तेवढे दिवस मायनं मडकं चालू ठेवलं. फुकट जायला नको म्हणून रोज वाटीभर स्वतः प्यायची, मग दोन वाट्या.

आता मी दोन्ही घेते. गुण कशाचा, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. स्टाफरूममध्ये मी गप्प असते, पण पूर्वीची व्याख्यानं वाया गेली नाहीत. मुख्याध्यापकांच्या घरून, बँकेतल्या बाईंकडून आंबिलीसाठी रिकामे डबे येतात. दार उघडंच असतं. माय ओट्याशी उभी राहून प्रत्येकाला विचारते, "दुखणं काय हाय? डॉक्टरला इचारलं का?"

परवा एक बाई म्हणाल्या, त्यांना काही आजार नाही, नुसती चव बघायची आहे. मायनं त्यांना बसवलं आणि लसणाची चटणी घालून मोठा पेला भरून दिला.