पूजेचा माल

“नक्को रे, तू हात लावू नको. पूजेचा माल आहे.”

शेठ सगळ्यांसमोर बोलले. नेपाळच्या सीमेवर, कस्टम्सच्या शेडमध्ये. तपासणीसाठी आमचं एक खोकं फोडलं होतं. अगरबत्तीचे पुडे जमिनीवर सांडले होते. मी वाकलो होतो. हात अर्ध्यात थांबला.

मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आम्ही मराठवाड्यातून हैदराबादला आलेले बौद्ध. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. कॉलेज सुटलं की कोठी बाजारात शेठच्या अगरबत्तीच्या दुकानात काम करतो. हीच खोकी मी भरतो. तिथे कोणी अडवत नाही. सीमेवरची कागदं मला जमतात, म्हणून शेठनी सोबत आणलं. माय आमच्या अंबरपेठ वस्तीभर सांगत फिरली, “पोरगा माल घेऊन दुसऱ्या देशाच्या दारात चाललाय.”

त्या दारात नेपाळचा व्यापारी उभा होता. सकाळी चहा पिताना त्यानं माझं आडनाव विचारलं, मग शेठना हळूच विचारलं, “कौन लोग?” शेठही हळूच बोलले. मला ऐकू आलं.

आता शेठ त्याला हसून म्हणाले, “फिकर नक्को. माल हमारे घर में बनता. सोवळे में.”

सोवळ्यात!

आमच्या एका खोलीत माय सकाळपासून मांडी घालून बसते. अगरबत्तीचा मसाला मळते, काडीवर वळते. तिचे तळवे काळे पडलेत. भाकरीलाही तोच वास येतो. शेठचाच माणूस येऊन माल घेऊन जातो.

मी पुडा उचलला. व्यापाऱ्याला कळावं म्हणून हिंदीत बोललो.

“ये मेरी माँ ने बनाया है. हमारे घर में.”

व्यापाऱ्यानं हातातला पुडा खाली ठेवला. रुमाल काढला. बोटं पुसली. एकेक बोट.

कस्टम्सनं माल सोडला. व्यापाऱ्यानं घेतला नाही.

“हौला है क्या तू? येडा कुठला!” शेठ ओरडले. “तुझ्या मायचं काम बंद!”

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “बोटं पुसली त्यानं?”

मग मोरीत बसून विटकरीनं तळवे घासायला लागली. घासतच राहिली. मी तिचं मनगट धरलं.

“नको घासू, माय.”

कागदं मला येतात. पुढचा माल आमचा असेल. बनवणाऱ्याच्या जागी मायचं नाव छापीन, आडनावासकट. ज्याला बोटं पुसायची त्यानं पुसावीत. माझा हात आता अर्ध्यात थांबणार नाही.