आबांचा फौजेतला डबा

माझं माहेर भोरला लागूनच. तिथल्या शाळेत गावातल्या जवानांच्या वस्तूंचं एक काचेचं कपाट झालंय. कुणी पदकं दिली, कुणी बूट, एका घरानं सरहद्दीवरून आलेली पत्रं. आमच्या घरातून काहीच गेलं नाही, हे मला सासरी सारोळ्यात कळलं आणि माझं डोकंच फिरलं. माझे वडील, आमचे आबा, लढाईवर जाऊन आलेले. कपाटात त्यांचं काहीच नाही म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी एसटी धरून माहेर गाठलं.

आता आबा नाहीत. त्यांचं फौजेतलं सामान आम्ही वापरून संपवलेलं. कांबळं म्हशीच्या पाठीवर गेलं, ट्रंकेत बियाणं ठेवून तिचा तळ गंजला. उरला होता जेवणाचा ॲल्युमिनियमचा डबा, एका अंगानं चेपलेला. आई रोज त्यानंच तांदूळ मोजून घ्यायची.

मागितल्यावर तिनं तो राखेनं लख्ख घासला आणि काठोकाठ इंद्रायणी तांदूळ भरला.

"आई, तो शाळेत मांडायचाय. कुणाला जेवू नाही घालायचं."

"रिकामं भांडं उंबऱ्याभाईर धाडत न्हाईत," म्हणाली आणि चपला घालून माझ्याबरोबर निघाली.

शाळेतले गुरुजी भला माणूस. डबा दोन्ही हातांनी घेतला, पण तांदूळ ओतायला टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. "किडे होतील, आजी." मीही मान डोलावली. आईनं डब्यावर हात ठेवला.

"मग ऱ्हाऊ द्या. म्या घरी नेती."

"अगं, आबांचं नाव लागायचंय कपाटात," मी उसळले. "मूठभर तांदळापायी घालवतेस होय?"

ती रागावली नाही. खुर्चीवर टेकली आणि बोलायला लागली.

"मूठभरच व्हता. त्ये लढाईवर व्हते, तवा लई दिवस कागूद न्हाई आला. रोज भात टाकताना त्यांच्या वाट्याची मूठ काढून मडक्यात टाकायची. आमी अर्धपोटी असलो तरी. माणूस हाय, तर त्याचा वाटा पायजे. आले त्या दिशी त्योच तांदूळ शिजवला. ताट घेतलं, तर म्हनले, ह्या डब्यातच वाढ. ह्यो लई येळा रिकामा बघितलाय."

"हे मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? ज्यांचं माणूस लढाईवर गेलं व्हतं, त्या समद्याच बाया काढत व्हत्या."

आबांचा अभिमान मी जन्मभर गावोगाव मिरवला. हिचा एकदाही नाही. लाज वाटली, आणि ऊरही भरून आला. असली आई माझी, आणि मी तिच्यावर खेकसत होते. गुरुजींना स्पष्ट सांगितलं, तांदूळ राहणार असेल तर डबा राहील. गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि डब्याखाली लावायची कोरी चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली.

आईला वाचता येत नाही. लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं: "डबा लढाईवरून आलेला. तांदूळ घरी वाट बघत थांबलेला."

"बरूबर हाय," ती म्हणाली आणि पदरानं कपाटाची काच पुसली. "नवा भात निघाला की यीन बदलाया."