अकराव्या प्रश्नाचं उत्तर

आधीच सांगते, हे मी शांतपणे सांगणार नाही. आठवलं तरी डोक्यात तिडीक जाते.

आमच्या रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात एक बाई आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. का, तर एकतीस वर्षांपूर्वी त्या इथे नळ्या आणि बाटल्या धुवायला आल्या होत्या. पुढे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन परीक्षा दिल्या, तंत्रज्ञ झाल्या, सूक्ष्मदर्शकासमोरच्या स्टुलावर बसल्या, तरी मावशी त्या मावशीच. मी त्यांच्यापुढे काल आलेली, तर मला मॅडम! पण तो राग वेगळा.

शिकायला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पेशी मोजायचं यंत्र आलं तेव्हा ते बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी इतकं विचारलं की बिचारा घामाघूम झाला. कॉम्प्युटर आला तेव्हा भाचीच्या मागे लागून दोन बोटांनी टाइप करायला शिकल्या, आणि आम्हा दहा बोटांवाल्यांपेक्षा त्यांच्या चुका कमी. पिशवीत डब्याला खेटून कुठलं ना कुठलं पुस्तक असायचंच.

तर अशा बाईला गेल्या वर्षी वरच्या ऑफिसने शिकण्याची गोडी लावायचं ठरवलं. ‘आजन्म शिका’ नावाचा ऑनलाइन कोर्स. बारा व्हिडिओ, मग वीस प्रश्न, विसाच्या वीस बरोबर आले पाहिजेत. तीनदा नापास झालं की स्टूल सोडायचं आणि बाहेर नमुने घ्यायच्या खिडकीवर बसायचं. ज्यांनी आयुष्यात एक स्लाइड रंगवली नाही त्यांनी हे ठरवलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

आम्ही काय केलं? व्हिडिओ चालू ठेवून चहा प्यायलो. उत्तरांची यादी दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर फिरायला लागली होती. मी एकोणीस मिनिटांत पास. मावशींनी बाराही व्हिडिओ वहीत टिपणं काढत बघितले आणि नापास झाल्या.

गाडं अडलं अकराव्या प्रश्नाला. पडद्यावर एका स्लाइडचा फोटो होता, लाल पेशीवर एक जांभळा ठिपका. मलेरिया आहे की नाही? कोर्सचं उत्तर, आहे. मावशींचं उत्तर, नाही. ही प्लेटलेट आहे, लाल पेशीच्या वर येऊन बसलेली, भोवतीचं फिकट रिंगण बघा. बोलताना त्यांचा हात टेबलावर काहीतरी चाचपत होता. मला हसू आलं. त्या फोकसचं चक्र शोधत होत्या. ठिपका पेशीच्या आत आहे की वर, हे त्या चक्र किंचित फिरवून ठरवतात. फोटोला कुठून येणार चक्र?

दुसऱ्यांदाही तेच. त्यांनी कोर्सवाल्यांना सविस्तर लिहून कळवलं. मिनिटाभरात उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा म्हणे! कोणी वाचलासुद्धा नव्हता.

तिसऱ्या वेळी मी त्यांच्या कानाशी लागले. “मावशी, ‘आहे’ वर टिचकी मारा आणि मोकळ्या व्हा. कोण बघतंय?”

“आणि हा फोटो बघून उद्या नवी पोरं शिकतील, त्यांचं काय?”

“त्यांचं ते बघतील. तुमचं स्टूल जाईल हो!”

“जाऊ दे. नाही ते आहे म्हणायला मी एवढी वर्षं डोळे फोडले नाहीत.”

त्यांनी ‘नाही’ वर टिचकी मारली. सोमवारी त्या खिडकीवर बसल्या, नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत. आतल्या दाराला त्यांचं कार्ड लागेनासं झालं. आणि स्टुलावर बसवलं मला. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

तीन महिन्यांनी तापाने आलेल्या एका सात वर्षांच्या मुलीचा नमुना आला. यंत्राने शंका दाखवली म्हणून मी स्लाइड लावली. लाल पेशीवर जांभळा ठिपका. वॉर्डातून सारखा फोन, औषध सुरू करायचंय, रिपोर्ट कुठे? मोबाइलवर फोटो काढला आणि खिडकीकडे पळाले.

“फोटोवरून सांगू?” मावशी म्हणाल्या. “त्यानेच तर ही पाळी आलीये.”

मी माझं कार्ड लावून त्यांना आत घेतलं. नियमात बसत नाही, नाही तर नाही. मी स्टुलावरून उठायला लागले तर त्यांनी खांदा दाबून मला खाली बसवलं.

“पूर्ण स्लाइड बघितलीस? आणखी कुठे सापडलं?”

“नाही. हा एकच.”

“मग ठिपक्यावर ये. चक्र फिरव. अगं, हळू, केसभर. ठिपका स्पष्ट झाला की पेशी कशी दिसते?”

“पुसट.”

“मग?”

“वर बसलाय. प्लेटलेट आहे. मलेरिया नाही.”

नऊ वर्षं मी अवघड स्लाइड आली की त्यांच्याकडे सरकवत होते आणि त्यांनी सांगितलेलं टाइप करत होते. मी चिडूनच विचारलं, “हे मला आधी का नाही शिकवलंत?”

“तू विचारलंस कधी?”

बाहेर कोणीतरी खिडकीची काच वाजवत होतं. मावशी गेल्या. मी रिपोर्ट टाइप केला. ‘तपासणाऱ्याचं नाव’ या रकान्यात कॉम्प्युटरने आपणहून माझं नाव भरलं, तिथे दुसरं घालताच येत नाही. तिथेच बसून मी रागाने रडले, आणि तो राग वरच्या ऑफिसवर नव्हता.