घर ओढणारी गाडी

चोपडा तालुक्यातल्या ताईबाईच्या दारात फेरीवाला फार वेळ थांबत नसे. ती वस्तूच्या आधी त्याचं तोंड बघायची, मग हात, मग तो ज्या रस्त्याने आला त्या रस्त्याकडे, की मागे कोणी साथीदार तर उभा नाही ना. हळद आणली की चिमूटभर पाण्यात टाकून बघणार. साडी घेतली की पदराचा दोरा काढून जाळून बघणार. नवरा योगराज पाहुण्यांना सांगायचा, "हिने अंतरपाट दूर व्हायच्या आधीच खालून माझे पाय बघून घेतले." ते खरंच होतं. नवरदेव लंगडतो अशी आवई कोणीतरी उठवली होती.

हे वळण तिला लहानपणीच लागलं. वडिलांनी बाजारातून एक देखणा बैल आणला. विकणाऱ्याने त्याला काय चारलं होतं देव जाणे. पहिल्यांदा औताला जुंपला आणि तो औताच्या चरीतच बसला. उठेचना. ताईबाई भाकरी घेऊन शेतात गेली तेव्हा वडील बैलाशेजारी मातीत बसलेले. "शिंगं बघितली ग," एवढंच ते म्हणाले. "ओढून नाही बघितलं."

पुढे योगराजसोबत ती मधमाश्या पाळायला लागली. कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट फुलले की शेतकरी त्यांच्या पेट्या भाड्याने नेत, कारण माशी फिरली नाही तर कांद्याच्या गोंड्यात बी भरत नाही. कांदा झाला की शेवगा, नाहीतर डाळिंब. फुलोरा सरकेल तसे हे दोघं सरकणार, आणि मुक्काम बांधावर, ताडपत्रीखाली. पन्नाशी उलटली तशी योगराजची कंबर ओल्या जमिनीला कंटाळली. ताईबाईला तर परक्या गावात आडोसा शोधत फिरण्याचा पहिल्यापासूनच तिटकारा होता. शेवटी तिने धाकट्या भावाला, झुलालला सांगितलं, मला चाकावरचं घर करून दे.

झुलालचं चोपड्यात वेल्डिंगचं दुकान. आई लवकर गेली, तेव्हा तो ताईबाईच्याच कडेवर वाढला. जगात हा एकच माणूस होता ज्याच्या पुढ्यात ती हळद पाण्यात टाकत नसे. त्याने चार चाकांचा ट्रेलर केला. दोन खाटा, ओटा, संडास-मोरी, मागे पेट्यांसाठी मांडणी. योगराजने वजन विचारलं तर म्हणाला, "रिकामं दीड टन, दाजी. हलकं शे."

पहिल्यांदा ते घर ट्रॅक्टरने ओढत धुळ्याबाहेरच्या एका कांद्याच्या प्लॉटवर आणलं. इतका वेळ लागला की पेट्यांतल्या माश्या उन्हाने तापून निघाल्या. ट्रॅक्टर कामाचा नाही, दणकट पिकअप हवी, हे तेव्हा ठरलं.

धुळ्यात जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा अखिल म्हणून एक तरुण होता. दलिचंद शेठचा नातू. दलिचंद शेठच्या पेढीवर ताईबाईचे वडील कापूस घालत. योगराज म्हणाला, "दलिचंदच्या काट्याला कधी कोणी नाव ठेवलं नाही."

"आजोबाचा काटा नातवाच्या हातात असतोच असं नाही," ताईबाई म्हणाली.

अखिलच्या आवारात कामाच्या दोनच गाड्या होत्या. एक पांढरी, दोन्ही बाजूंना दोन-दोन दारं, चकचकीत, आत एसी. दुसरी कुठल्याशा खाणीवर राबलेली, लांब चासीची, रंग उडालेली, चढावर रांगत का होईना, पण जोराने ओढणारा खालचा गियर असलेली. योगराजचं मन पांढरीवर बसलं. ताईबाईने पांढरीच्या सीटखाली हात घालून पुराचा चिखल आहे का पाहिलं, दाराच्या कडेला नख लावून रंग दुसऱ्यांदा मारलाय का पाहिलं. काही सापडलं नाही. काही सापडत नाही म्हणजे नीट लपवलंय, असं तिच्या मनाने घेतलं.

आणि मग अखिलच म्हणाला, "मावशी, ही नका घेऊ. माणसं फिरवायला छान आहे. तुमचं घर ओढायला ती जुनी घ्या."

जुनी स्वस्त होती. विकणारा माणूस स्वतः होऊन स्वस्त वस्तूकडे बोट दाखवतो, हे ताईबाईने आयुष्यात पाहिलं नव्हतं. एक तर पांढरी कोणा बड्या माणसाला कबूल केली असेल, नाहीतर ही जुनी गळ्यात मारायची असेल. ती म्हणाली, "आमचं घर जोडून लळिंगचा घाट चढून दाखवा. पांढरीनेच. ओढल्याशिवाय मी घेत नाही."

"दाखवतो. पण आधी तुमचा ट्रेलर काट्यावर चढवा. किती वजन आहे ते मला कळू दे."

"दीड टन आहे. माझ्या भावाने केलाय."

"भावाने केलाय म्हणून काटा खोटा ठरत नाही, मावशी. गाडी नेतात, दुप्पट माल भरतात, आणि क्लच जळाला की माझ्या दारात येऊन बसतात. माझा कोणावर विश्वास नाही."

ताईबाईला राग आला. आपल्यावर कोणी संशय घेतला म्हणजे कसं वाटतं, हे तिला बहुधा पहिल्यांदाच कळत होतं. तिने काट्याला साफ नकार दिला. अखिलनेही ताणून धरलं नाही. "गाडी तुम्हालाच सांगेल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरीला रिकामं घर जोडलं. अखिल चालवायला, योगराज शेजारी, ताईबाई मागे. सपाटीला गाडी बरी पळाली. लळिंगचा चढ लागला आणि तिचा दम उखडला. मागून ट्रक हॉर्न देऊ लागले. आत जळक्या रबरासारखा वास भरला. कशीबशी माथ्यावर पोचली, पण खरी गत उताराला झाली. अखिलने ब्रेक दाबला की मागचं घर गाडीला ढकलायचं, शेपटी डावी-उजवी हलायची. एका झोलाला तर ट्रेलर शेजारून जाणाऱ्या एसटीच्या इतक्या जवळ गेला, की ताईबाईला खिडकीतली माणसं मागे सरकताना दिसली. तिने योगराजच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी आवळून धरली. अखिलने गाडी हळूहळू कडेला घेतली तेव्हा त्याचाही शर्ट पाठीला चिकटला होता.

"गाडी सडकी आहे," ताईबाई म्हणाली.

"असेल. आता तरी काट्यावर चला."

वाटेतल्या वजनकाट्यावर घर एकटं चढवलं. आकडा आला तीन टनांच्या जवळपास. ताईबाईने तो दोनदा वाचला. मग ती काटेवाल्याकडे आणि अखिलकडे आळीपाळीने बघू लागली. हे दोघं एकमेकांना ओळखतात का, आल्या आल्या यांनी हात वर केला होता का. "हा काटा तुमचा," ती म्हणाली. "मी म्हणेन त्या काट्यावर चला." अखिल निमूट चालला. शहराच्या दुसऱ्या टोकाचा, एका जिनिंगचा काटा तिने निवडला. तिथेही तोच आकडा. माणूस किती काटेवाल्यांना फितवणार.

ती उतरली, पदर खोचला आणि ट्रेलरच्या खाली शिरली. वरून पातळ पत्रा दिसत होता. खाली मात्र जाडजूड गर्डर होते, शेडच्या भंगारात निघतात तसे, वर काळा रंग मारलेला. भिंतींच्या आतही तेच असणार. ती बाहेर आली आणि चाकाला टेकून बसली.

झुलाल संध्याकाळी मोटरसायकलवर आला. प्लॉटच्या बांधावर तिघं बसले.

"झुलाल, वजन कितलं शे?"

"तीन टन असेल."

"मग दीड का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तू होऊ दिलं असतं का अक्का? हायवेला झोपणार तुम्ही. एखाद्या ट्रकने मागून धडक दिली तर हलक्या पत्र्याचा चुरा होईल. मला रात्री तेच दिसायचं."

"आणि गर्डर?"

"ते दुकानात पडलेलेच होते."

ताईबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. फेरीवाल्याकडे बघायची तसं, आधी तोंड, मग हात. काळजी होती म्हणून गर्डर घातले, की पडलेले होते म्हणून घातले आणि काळजी मागून आठवली, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर वाचता येईना. कदाचित त्यालाही ते सांगता आलं नसतं. "तुझ्या काळजीने आज एसटीतली माणसं मेली असती," एवढं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली. चहा तिने त्यालाही दिला.

घर तर आता मोडता येत नव्हतं. जुनी गाडी घेणं भाग होतं. पण अखिलनेच एक अट घातली, की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बसवल्याशिवाय चावी देणार नाही. झुलालने भिंतींतले दोन गर्डर कापून काढले, ब्रेक बसवले, हूक नवा केला. ते सगळे दिवस ताईबाई त्याच्या डोक्यावर उभी होती. प्रत्येक जोड थंड झाला की हातोडीने वाजवून बघायची. पूर्वी ती त्याच्या दुकानात यायची ती डबा घेऊन. आताही डबा आणायची, पण हातोडी विसरायची नाही.

मग पुन्हा लळिंग. रंग उडालेली गाडी कुरकुरत चढली. ट्रकवाल्यांनी हॉर्न दिले, तिने दाद दिली नाही. उतरताना घर मागे गुमान आलं. योगराज खुश झाला. ताईबाईने इंजिनचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि म्हणाली, "आज चांगली चालली."

त्या हंगामात त्यांनी शिंदखेड्याकडचे प्लॉटही धरले. ताईबाई पहिल्यांदा खाटेवर झोपून पेट्यांची राखण करू लागली. एकदा दुपारी अखिलचा फोन आला. "मावशी, गाडी कशी आहे?"

"बरी आहे."

"काही त्रास?"

"नाही."

"बरं, सहज विचारलं."

फोन ठेवून ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. टायर पाहिले, खाली वाकून तेल गळतंय का पाहिलं. काही नव्हतं. कांद्याच्या गोंड्यांवर माश्या घोंगावत होत्या. योगराज सावलीला पडला होता. ती त्याच्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, त्याने सहज का विचारलं असेल?"