नसीमा मॅडम आणि दगडातल्या बहिणी

जीवाश्माचा प्लास्टरचा ठसा हातात आला की आम्ही सगळे त्यावरची नक्षी पाहायचो. नसीमा मॅडम आधी मूळ दगड कुठे तुटला होता ते बोटाने चाचपायच्या. "राहिलंय ते सगळेच बघतात. गेलंय काय, ते बघ ना, सुहास."

खारघरच्या कॉलेजात मी त्यांचा सहायक होतो. त्यांचा विषय होता समुद्रतळाला चिकटून जगलेले, नेच्याच्या पानासारखे दिसणारे जीव. पन्नास कोटी वर्षांहून जुने, आणि वनस्पती नव्हेतच. त्यांच्यात कोण कोणाचं नातलग, यावर अजून वाद आहे. त्यांतल्या दोन जाती सख्ख्या बहिणी, हे मॅडमचं उभ्या आयुष्याचं म्हणणं. "फांदीला फांदी, तिला परत तश्शीच फांदी. हे वळण एकाच खानदानाचं!" पनवेलच्या मासळीबाजारातही त्या हेच सांगत बसायच्या. कोळीण वैतागायची, "बाय, तुजं मेलेलं राहू दे, माजं ताजं हाय त्ये घे."

नात्यांचा वृक्ष काढायला मी एकेका जातीची लक्षणं संगणकात भरली. एकीला तळाशी चिखलात रुतणारी गोल चकती होती. दुसरीपुढे मी "चकती नाही" असं भरलं. वृक्षात दोघी लांब गेल्या. मॅडमनी ठसे पुन्हा तपासले नाहीत. माझ्यावर भरवसा होता. भर परिषदेत त्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं. "हट्टाने नाती जुळत नाहीत," म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

पुढे ठसे आवरताना दिसलं, दुसरीचा दगड खालूनच तुटलेला. "नाही" नव्हे, "माहीत नाही" असं भरायला हवं होतं. तोवर आमचा शोधनिबंध छापून झाला होता, आणि त्यावर पहिलं नाव माझं होतं. मी तो ठसा पेटीत तळाशी ठेवून दिला.

मॅडम अंथरुणाला खिळल्या, तेव्हा कुठे त्यांच्या घरी जाऊन सांगितलं.

"मग? आता जवळ आल्या?"

"नाही मॅडम. लांबही जात नाहीत. ठरतच नाही."

त्या खुदकन हसल्या. "या अल्लाह! मग ठरत नाही, असंच छाप ना. जल्दी कर."

रोडपालीला घरी येऊन दुरुस्ती लिहिली, आणि पाठवली नाही. आज पाठवू, उद्या पाठवू. ती छापून आली, पण मॅडम गेल्यानंतर.

अंक द्यायला गेलो तर त्यांची मुलगी रुबिना म्हणाली, "अम्मी रोज विचारायची, सुहासचं छापून आलं का?"

"मग तू काय सांगायचीस?"

"आलं, म्हणायचे."