मशीनची जागा

खिडकीखाली आईचं शिलाई मशीन होतं आणि थोरलीला लिहायला नेमकी तीच जागा हवी होती. "मी काय माळ्यावर बसून लिहू?" म्हणत तिनं मशीन सरळ आतल्या अंधाऱ्या खोलीत ढकललं. आई हसली, "बसा, लेखिकाबाई!"

थोरलीनं झरझर चार पानं लिहिली. मग चहा मागायला आत गेली, तर आई निळ्या शर्टाची अख्खी शिवण उसवत होती. अंधारात निळ्याऐवजी काळा दोरा लागला होता.

"अगं, हाक मारायचीस ना!"

"तुझी तंद्री लागली होती गं."

थोरलीनं मशीन पुन्हा खिडकीखाली आणलं आणि शेजारी फतकल मारून बसली.

"इथं खडखड होईल हं."

"होऊ दे."

पण ओळ काही सुचेना. ती शर्ट मांडीवर घेऊन काळे टाके उसवत राहिली.