ओढ्यापलीकडे बाबा

भूतखेत वगैरेवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी इंजिनियर माणूस... तरीही लिहितोय, कारण हे आणखी कुणाला सांगावं तेच कळत नाही.

आम्ही ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला राहतो. घरामागच्या डोंगरावर नॅशनल पार्क आहे. कोविडच्या तोंडावर बाबा पुण्याहून आले आणि फ्लाइट्स बंद झाल्यामुळे इथेच अडकले. रोज पार्कात फिरायचे, ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडून पलीकडच्या बाकावर बसायचे. मग पुरात पूल वाहून गेला आणि पाठोपाठ लॉकडाऊन लागलं. पार्कच्या गेटला कुलूप.

त्या दुपारी पाऊस कोसळत होता. मी मीटिंगमध्ये असताना माझी बायको ऋतुजा धावत आली.

"अरे, बाबा घरात नाहीत!"

आम्ही पळत गेटवर पोचलो. कुलूप तसंच. गेटवरून चढून ओढ्यापर्यंत गेलो. पाणी नुसतं घोंगावत होतं... आणि पलीकडे झाडांमध्ये बाबांचा निळा स्वेटर! बाकावर बसून, मान वळवून ते बोलत होते. शेजारी कुणीही नव्हतं. आम्ही घसा फोडून हाका मारल्या, पण त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

रेस्क्यूवाले दोर बांधून पलीकडे गेले, तेव्हा कुठे बाबा आले. त्यांच्यातला एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "मेट, हा पलीकडे गेला कसा? आम्ही पोचलो तेव्हा अंगावर थेंब नव्हता. शूजसुद्धा कोरडे!"

घरी आल्यावर ऋतुजाने त्यांच्या हातात चहा दिला. मी विचारलं, "बाबा, पूल नाहीये. गेलात कसे?"

"नाही कसा? पुलावरूनच गेलो की. केवढी गर्दी होती! बायका, पोरं... एकाच्याही तोंडाला मास्क नाही."

"पार्क बंद आहे, बाबा."

"हो, ते म्हणालेच. बाहेर आजार आहे, आता इथेच थांबा म्हणाले."

ऋतुजाने माझा दंड घट्ट धरला.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

बाबा जरा नाराजीनेच माझ्याकडे बघत म्हणाले, "मी हो म्हटलं होतं रे. तुम्हीच माणसं पाठवलीत."

नंतर मी नकाशे पाहिले, रेंजरशी बोललो. तिथे जायला दुसरी वाट नाही. बाबा आता पुण्यात ठणठणीत आहेत. पार्क कधीच उघडलंय, नवा पूलही झालाय. आम्ही दोघं मात्र अजून तो ओलांडलेला नाही.